राजदूताला विचारलेला प्रश्न

परदेशी राजदूताचे धोरणविषयक भाषण झाले की आपल्या वृत्तपत्रांत दुसऱ्या दिवशी काय येणार, हे मला आताशा न वाचताही सांगता येते. भारताच्या थोर परंपरेविषयी त्याने काढलेले दोन गोड उद्गार मथळ्यात जातात. करार, शस्त्रे आणि व्यापार आतल्या पानावर. त्याने चुकून मानवी हक्कांचे नाव घेतले असेल, तर अग्रलेखात 'आम्हाला कोणी शहाणपण शिकवू नये' हा परिच्छेद ठरलेला. मला बोलायचे आहे ते या परिच्छेदाविषयी. राष्ट्राभिमान म्हणून तो छापला जातो, पण त्याच्या तळाशी दुसरेच काही आहे असे मला वाटते.

हेच वृत्तपत्रीय मन एके काळी परदेशी राजदूताला खडे प्रश्न विचारण्यात पटाईत होते. चेस्टर बोल्स १९५१ च्या अखेरीस अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीत आले आणि १९५३ पर्यंत राहिले. मायदेशी परतल्यावर १९५४ मध्ये त्यांनी 'अँबॅसेडर्स रिपोर्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. वार्ताहर परिषद असो की सभा, आपल्याला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न अमेरिकेतील निग्रोंना मिळणाऱ्या वागणुकीचा होता, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. प्रश्न रास्तच होता. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधली बाके वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. मताचा अधिकार होता, पण तो कागदावर.

आता विचारणाऱ्याकडे पाहू. त्या काळी वृत्तपत्रांच्या कचेऱ्या कोणत्या आळीतून भरत होत्या हे सांगायला खानेसुमारीची गरज नाही. अलाबामातल्या नळाची चौकशी करणाऱ्या या वार्ताहराच्या स्वतःच्या गावात महारांचा पाणवठा कोठे होता? तो त्याला ठाऊक होता, नव्हता असे नाही. पण तो बातमीचा विषय नव्हता. सात समुद्रापलीकडचा अन्याय दिसायला अंतर लागते म्हणतात. इथे अंतरच सोयीचे होते. काळ्यांसाठी खर्च केलेल्या करुणेचा हिशोब घरी कोणी मागणार नव्हता.

बोल्स यांनी मात्र प्रश्न झिडकारला नाही. ते तो घरी घेऊन गेले. तुमच्या वर्णभेदामुळे आशियात आपली पत जाते, हे त्यांनी आपल्याच देशबांधवांना लिहून बोलून सांगितले. यात शीतयुद्धाचा स्वार्थ होता. रशियाला आयता मुद्दा मिळतो ही चिंता होती. त्यांना संत ठरवण्याचे मला कारण नाही. पण परक्याने विचारलेला प्रश्न घरी नेऊन मांडणे ही गोष्ट आपल्या राजनीतीत मला शोधूनही सापडत नाही. २००१ मध्ये दरबान येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत मामला, एवढेच आपल्या सरकारचे उत्तर होते. जात आणि वंश एक नाहीत हे शास्त्रदृष्ट्या मीही मानतो. पण हे उत्तर शास्त्रासाठी दिलेले नव्हते.

बोल्स दिल्लीत येत होते त्याच सुमारास, ऑक्टोबर १९५१ मध्ये, बाबासाहेबांनी मंत्रिपदाच्या राजीनाम्याची कारणे सांगणारे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात अस्पृश्यांच्या स्थितीविषयीची वेदना आहे आणि परराष्ट्र धोरणावरची टीकाही आहे. साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातले एकशे ऐंशी कोटी सैन्यावर जातात आणि हे आपल्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे, असा त्यांचा हिशोब होता. परराष्ट्र व्यवहाराच्या समितीवर आपल्याला घेतले नाही, हेही त्यांनी सांगितले. महारवाडा आणि परराष्ट्र खाते एकाच कागदावर मांडणारा माणूस असा होता. आपली वृत्तपत्रे आजही ती दोन वेगळ्या पानांवर छापतात.

१९५५ चे वर्ष तर या बाबतीत फारच बोलके आहे. त्या वर्षी १ जूनपासून अस्पृश्यता (गुन्हे) कायदा अमलात आला. उपाहारगृहात प्रवेश नाकारणे, तिथली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरला. आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन विमानतळावर भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांना उपाहारगृहातल्या गोऱ्यांच्या टेबलांपासून उठवून वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. अपमान खराच होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी दिलगिरी व्यक्त केली. एका राजदूताच्या एका जेवणासाठी दोन सरकारे हलली. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांच्या दाराशी वेगळी ठेवलेली कपबशी होती. तिच्यासाठी कोणता मंत्री कोणाची माफी मागणार होता?

कोल्हापुरात बसून हे लिहिताना मला जास्त बोचते. गंगाराम कांबळ्यांनी मराठा नोकरांच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढून दिले आणि तिथे कोणी फिरकेना, तेव्हा स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेतला, तो याच शहरात. १९२० मध्ये 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये गेले तेही इथूनच. त्याच 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नव्हती, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. खंडेराव बागलांचा 'हंटर', बाळासाहेब पाटलांचा 'सत्यवादी' ही कोल्हापूरची पत्रे आपल्याच घरच्या भटशाहीला जाब विचारण्यासाठी निघाली होती. परक्याला विचारण्याआधी घरच्याला विचारायचे, ही या गावच्या पत्रकारीची मूळ चाल. ती कोठे मोडली, याचा शोध येथल्या पत्रकारितेच्या एखाद्या विद्यार्थ्याने घ्यावा. विषय प्रबंधाचा आहे.

अलीकडचे उदाहरण घेऊ. अमेरिकेचे नियोजित राजदूत एरिक गार्सेटी यांनी डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या सिनेटसमोर सांगितले की भारतात मानवी हक्कांचा विषय आपण आवर्जून काढू. मार्च २०२३ मध्ये त्यांची नेमणूक पक्की झाल्यावर, येऊ द्या, त्यांना प्रेमाने समजावू, असे आपले परराष्ट्रमंत्री म्हणाले. त्या वाक्यावर टाळ्या पडल्या आणि ते देशभर गाजले. महिनाभर आधीच, २१ फेब्रुवारीला, सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली होती आणि तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. म्हणजे जात आपल्या सामानातून अमेरिकेत पोचली होती आणि तिथल्या नगरसभेला तिची दखल घ्यावी लागली होती. तरी ती आमचा अंतर्गत मामलाच! राजदूताला प्रेमाने जे समजावले जाणार होते ते नेमके काय, आणि समजावणाऱ्यांच्या त्या बैठकीत महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसाला खुर्ची असणार होती काय, हे एकाही वार्ताहराने मंत्र्यांना विचारल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.