भोंग्याच्या आठवणी आणि साळखात्याचं दार

गिरण्या बंद पडल्या आणि आठवणींचा कारखाना सुरू झाला. तीन पाळ्यांत चाललाय. रविवारच्या पुरवण्या बघा, शाळांच्या स्मरणिका बघा, रिटायर झालेल्या माणसांनी फंडाच्या पैशातून छापलेली पुस्तकं बघा. कुठलंही पान उघडा, भोंगा हायच. जुन्या मिलचा भोंगा, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा, नरसिंग गिरजीची चिमणी, चाळीतला नळ, गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य. गरिबी होती, पण माणुसकी होती. जातपात आम्हाला ठाऊकच नव्हती.

कुणाला ठाऊक नव्हती?

मित्रांनो, या लिखाणाकडं आपली पोरं दुर्लक्ष करतात. म्हणतात, म्हाताऱ्यांचं रडगाणं, सोडून द्या. सोडून देऊन चालणार नाही. उद्या सोलापूरचा इतिहास म्हणून हेच उरणार आहे. आणि आता आपल्यातलेही काही लिहिणारे याच चालीवर लिहायला लागलेत, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट कबूल करू. गिरणीची ओढ खोटी नाही. बुधवार पेठेतल्या आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, मिल म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. का येतं? गावात बलुतं होतं, मेलेलं ढोर होतं, येसकराची काठी होती, दारोदारची शिळी भाकर होती. गिरणीत पगार होता. मोजून घेतलेला, कुणापुढं पदर न पसरता आणलेला. पाटलाच्या वाड्यापुढं वाकायची सवय लागलेली मान ठरल्या दिवशी पगाराच्या खिडकीपुढं ताठ उभी राहिली. ही साधी गोष्ट नाही. आपली चळवळ शहरात उभी राहिली ती या पगारावर, वर्गणीच्या आण्या-दोन आण्यांवर. तेव्हा आपला म्हातारा मिलसाठी रडतो आणि पुरवणीतला लेखक मिलसाठी रडतो, ही दोन रडणी वेगळी आहेत. समीक्षेनं हा फरक करायला पाहिजे. मराठी समीक्षा तो करत नाही. तिला दोन्हीकडं सारखाच ‘हृद्य’ शिक्का मारायचा असतो.

आता पुरवणीतली आठवण नीट वाचा. तीत चाळ आहे, पण चाळीतली कुठली खोली कुणाची हे नाही. नळ आहे, पण नळावरची रांग कशी लागायची हे नाही. हॉटेल आहे, पण वेगळी कपबशी नाही. आणि मुख्य म्हणजे गिरणी आहे, पण खातं नाही. गिरणीत काम केलेला माणूस कधीही नुसतं ‘मिलमध्ये होतो’ म्हणत नाही. तो खातं सांगतो. रिंगखातं की साळखातं. कारण पगार, मान, बसायची जागा सगळं खात्यावर.

मुंबईच्या गिरण्यांतलं साळखातं, म्हणजे कापड विणायचं खातं, अस्पृश्यांना बंद होतं. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. महाराच्या तोंडाचा धोटा मराठ्यानं तोंडाला कसा लावायचा? विणकामाला पगार जास्त, म्हणून जात थुंकीच्या थेंबातून सरळ पगारात उतरली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना स्पष्ट विचारलं, की तुमच्या मागण्यांत ही मागणी का नाही? पुढाऱ्यांनी नाखुशीनं ती घातली. मालकांनी काय उत्तर दिलं? हा आमचा दोष नाही, तुमच्या कामगारांचाच आहे! मालकानं कामगारांच्या एकीला तिथंच उघडं पाडलं. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू एका दमात सांगितले, त्याच्यामागं हा धोटा आहे. आमच्या लाल भाईंनी यातला एकच शत्रू पाठ केला.

सोलापूरच्या आठवणी लिहिणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा. तुमच्या वडिलांच्या साच्याशेजारच्या साच्यावर कोण होतं? नाव सांगा. ‘सगळे एकत्र डबा खायचे’ असं लिहिता, तर कुणाच्या डब्यातली भाजी कुणाच्या डब्यात गेली ते लिहा.

आणखी एक गाळलेली जागा. चार हुतात्मे प्रत्येक लेखात असतात. असायलाच पाहिजेत. १९३० च्या मे महिन्यात हे शहर इंग्रजाच्या मार्शल लॉ खाली होतं आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे फासावर गेले. पण त्याच काळात याच शहरात तारेच्या कुंपणाआड एक वस्ती होती. सेटलमेंट! गुन्हेगार जमातींच्या १८७१ च्या कायद्याचं पिल्लू. कैकाडी, पारधी, भामटे, जन्मानंच चोर ठरवलेली माणसं. हजेरी द्यायची, पास घेऊन बाहेर पडायचं, आणि पडायचं कुठं, तर याच गिरण्यांत कामाला. भोंगा त्यांच्यासाठीही वाजत होता. कायदा रद्द झाला १९५२ साली. ‘आठवणीतलं सोलापूर’ मध्ये ती तार कुठंय? स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणीत तार अडचणीची होते, म्हणून गाळली.

हा रोग एकट्या मराठीचा नाही. इंग्लंडमध्ये कापडगिरण्यांची आणि लोकरीची शहरं मोडायला लागली तेव्हा तिथंही हेच झालं. रिचर्ड हॉगर्टनं १९५७ साली ‘द युजेस ऑफ लिटरसी’ लिहिलं. लीड्समधल्या हन्सलेट या कामगारवस्तीत आजीनं वाढवलेलं हे पोरकं पोर. पुस्तकाचा पहिला भाग वस्तीच्या मायेनं भरलेला आहे. शेगडी, आई, कोपऱ्यावरचं दुकान, क्लब. माणूस प्रामाणिक आहे, बारकावे अस्सल आहेत, पण ऊब जरा जास्तच. मग १९७१ ला रॉबर्ट रॉबर्ट्सचं ‘द क्लासिक स्लम’ आलं, सॅलफर्डच्या झोपडपट्टीबद्दल. याच्या आईचं कोपऱ्यावरचं दुकान होतं. दुकानदारणीच्या पोराला उधारीची वही दिसते! कुणाला उधार द्यायचं, कुणाला नाही, कुणाची अब्रू किती शिलिंगांची, हे त्याला गल्ल्यामागून दिसलं. तो सांगतो की त्या गल्लीत सगळे गरीब एक नव्हते, गरिबांतही पायऱ्या होत्या आणि आयरिश माणूस खालच्या पायरीवर होता. जिथं जात नाही तिथल्या माणसाला पायऱ्या दिसल्या, आणि जिथं पायऱ्यांशिवाय दुसरं काही नाही तिथल्या आमच्या लेखकाला सपाट अंगण दिसतं. कमाल आहे की ओ.

उत्तर आपल्याच घरात आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ ला आलं. कावाखाना ही मुंबईतली वस्ती. तिथं मायाही आहे, गंमतही आहे, पण बापाची दारूही आहे आणि कचऱ्यातनं कागद-चिंध्या वेचणाऱ्या बायाही आहेत. काही शिकलेले आपले लोकच चिडले, की ही घाण चारचौघांत कशाला? म्हंजे गोड आठवणीची भूक पांढरपेशांनाच असते असं नाही, ती क्वार्टर मिळालेल्या आपल्या माणसालाही लागते. पुढं १९८४ ला ‘अक्करमाशी’ आलं, आपल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचं. १९८७ ला ‘उचल्या’ आलं, त्यात लातूरची सूतगिरणी आहे. लक्ष्मण गायकवाडांची सूतगिरणी वाचा आणि मग कुठल्याही स्मरणिकेतला भोंगा वाचा. एकीत मशीन आहे, युनियन आहे. दुसऱ्यात नुसता आवाज.

त्या आवाजाबद्दलही एक सांगायचंय. भोंग्याची कविता पुरुषच करतात. बाई भोंग्यानं उठत नव्हती. ती त्याआधी उठत होती, पाणी भरत होती, भाकरी थापत होती. भोंगा वाजेपर्यंत तिची अर्धी पाळी झालेली असायची. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली, पुरुष घरी बसले, आणि सोलापूरच्या किती घरांत चूल विडीच्या सुपावर चालली याचा हिशेब कुठल्या स्मरणिकेत आहे? पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, हजार विड्या झाल्या की कारखान्यात न्यायच्या, तिथला माणूस त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून काढणार, त्याचे पैसे नाहीत. ही आजची आठवण आहे. तिला भोंगा नाही, म्हणून तिच्यावर लेख नाही.

गिरणी बंद पडण्याबद्दलही हे लिखाण असंच बोलतं, जणू पाऊस थांबावा तशी गिरणी थांबली. १८७७ ची जुनी मिल १९४९ ला कंपनीनं बंद केली, १९५० च्या जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढून ताब्यात घेतली. मग भागधारक सुप्रीम कोर्टात गेले, की आमच्या मालमत्तेच्या मूलभूत हक्काचं काय? घटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं! ते खटले आज वकिलीच्या पोरांना शिकवतात. त्यांत शेअरचा हक्क पानोपानी आहे. रिंगखात्यातला बदली कामगार त्या महिन्यांत काय खात होता, हे कोर्टाच्या कागदात सापडणार नाही. ते सांगणारी माणसं होती, बहुतेक गेली. त्यांची पोरं अजून आहेत.

म्हणून पुढच्या अंकासाठी मजकूर पाठवणाऱ्यांना विनंती. आजा-आजीकडून ऐकलेलं लिहा, पण खातं लिहा, पगार लिहा, खोली कुणाच्या नावावर होती ते लिहा, पाणी कुणी कधी भरलं ते लिहा. माया असेल तर मायाही लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, स्टेन्सिल कापणाऱ्याचे डोळे आधीच गेलेत.