जेनेव्हिव्ह

‘जेनेव्हिव्ह’ हा हेन्री कॉर्नेलियस यांचा १९५३ सालचा ब्रिटिश विनोदी सिनेमा. जेनेव्हिव्ह हे नायिकेचं नाव नव्हे, मोटारीचं. १९०४ सालची फ्रेंच डॅरॅक. दर नोव्हेंबरात जुन्या गाड्या लंडनहून ब्रायटनला जातात. १८९६ साली मोटारींवरचे जाचक निर्बंध सैल झाले, त्याची ही आठवण. ही शर्यत नव्हे, मिरवणूकच. पण वकील ॲलन आणि त्याचा मित्र ॲम्ब्रोज परतीच्या वाटेवर वेस्टमिन्स्टर पुलापर्यंत १०० पौंडांची पैज लावतात, आणि दोन शहाणी माणसं पोरांसारखी भांडायला लागतात.

मला मात्र आधी दिसते ती ॲलनची बायको वेंडी. नवऱ्याच्या हौसेपायी तिची सुट्टी जाते. ब्रायटनला धड खोलीही मिळत नाही. गरम पाणी ठरावीक वेळेतच देणाऱ्या हॉटेलात राहावं लागतं. दायना शेरिडननं हा वैताग फारशी आदळआपट न करता दाखवलाय. चेहऱ्यावर नुसतं एक ‘हं’. घरोघरच्या बायकांना ते ओळखू येईल.

आम्हा जैनांत परिग्रह म्हणजे वस्तू जवळ असणं एवढंच नव्हे, तिच्यात जीव अडकणं. ॲलनचा जीव गाडीत अडकलाय असं आपण धरून चालतो. खरं तर तो अडकलाय जिंकण्यात.

हे कळतं शेवटाकडे. पूल जवळ आलाय, मिनिटामिनिटाची घाई, आणि एक वृद्ध गृहस्थ गाडीपाशी येतात. त्यांच्याकडेही एकेकाळी अशीच डॅरॅक होती. तरुणपण, बायको, सगळ्या आठवणी तिच्याशी जोडलेल्या. ॲलन चुळबुळतो, पण थांबतो, ऐकून घेतो. इथे गाडी त्याच्या एकट्याची राहत नाही.

पुढे ॲम्ब्रोजच्या स्पायकरची चाकं ट्रामच्या रुळांत अडकून ती भलतीकडेच जाते आणि बंद पडलेली जेनेव्हिव्ह ब्रेक सुटून आपसूक पुलावर येते. ॲलनला असं जिंकून द्यायला नको होतं, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, यात त्याची हुशारी कुठे आहे? सोडल्यावर जे मिळालं, ते मिळालं.

परक्या म्हाताऱ्याच्या आठवणींसाठी जो १०० पौंड पणाला लावून थांबतो, त्याच्या शेजारी पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा कुडकुडत बसायला वेंडीची हरकत नसावी.