रद्दीचा काटा आणि आपली समीक्षा

मराठीत जुन्या पुस्तकांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. फूटपाथवर एखादी दुर्मिळ पहिली आवृत्ती मिळाली, आत कुणा थोर लेखकाची सही निघाली, पिवळ्या पानांचा वास छातीभर घेतला. असले ललित लेख दिवाळी अंकांतून येत राहतात. वाचायला बरे असतात. पण त्यांतून एक माणूस सारखा गळतो. पुस्तक विकणारा. लेखात तो आलाच तर विक्षिप्त म्हणून येतो, नाहीतर 'बिचाऱ्याला पुस्तकाची किंमत कळली नाही' म्हणून. त्याला किंमत कळली नाही म्हणून लेखकाला घबाड मिळतं आणि त्या घबाडाला रसिकता म्हणतात. गरिबाच्या अडाणीपणावर नफा कमावणं ही रसिकता असेल तर ती त्यांची त्यांना लखलाभ.

आपण त्या माणसाकडून सुरुवात करू.

भूमसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या पुस्तकांचं म्हणून दुकान चालत नाही. चालतं ते रद्दीचं. मी ज्याच्याकडं बरीच वर्षं जातोय तो स्वतःला पुस्तकविक्रेता म्हणवत नाही. सकाळी गाडा घेऊन वस्तीवस्तीनं फिरायचं. पेपर, वह्या, पुठ्ठा, लोखंड, बाटल्या, जे मिळंल ते घ्यायचं. दुपारी पत्र्याखाली बसून निवडायचं. पुस्तकांचे तो तीन ढीग करतो. पहिला गाईडांचा आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा. त्याच्यावर त्याचं पोट. शाळा उघडल्या की पोरं येतात, निम्म्या किमतीत घेऊन जातात. दुसरा पोथ्या, कादंबऱ्या, दिवाळी अंक. तिसऱ्या ढिगाला तो 'बाकीचं' म्हणतो. बाकीचं म्हणजे ज्याला गिऱ्हाईक नाही. ते सुतळीनं बांधायचं, काट्यावर टाकायचं आणि किलोवर मोठ्या व्यापाऱ्याला द्यायचं. पुढं त्याचा लगदा होतो.

आपलं साहित्य कुठल्या ढिगात असतं? तिसऱ्या.

एकदा तिथं मला एक कवितासंग्रह सापडला. आपल्याच एका कवीचा, पदरचे पैसे घालून छापलेला. पहिल्या पानावर कवीच्या हातचं लिहिलेलं, 'अभिप्रायार्थ सादर'. खाली एका साहित्यिक प्राध्यापकाचं नाव. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. संग्रहाची काही पानं कडेला कापायची राहिली होती, एकमेकांना चिकटलेली. ती तशीच होती. म्हणजे कविता वाचलीच गेली नव्हती. दलित कवितेत आक्रस्ताळेपणा आहे, कलात्मकता कमी आहे, असा निकाल आपण किती वर्षं ऐकला! न उघडलेल्या पानांवर हा निकाल कसा लागला? रद्दीवाल्याकडं गेलं की समीक्षेचं पोस्टमॉर्टेम करता येतं. मासिकात छापलेलं परीक्षण खोटं बोलू शकतं. न कापलेलं पान खोटं बोलत नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. बाबासाहेबांचा ग्रंथसंग्रह केवढा होता, त्यासाठी दादरला राजगृह कसं बांधलं, हे आपण प्रत्येक जयंतीला भाषणात सांगतो. पण बाबासाहेब जुन्या पुस्तकांच्या दुकानातले गिऱ्हाईक होते, हे सांगत नाही. 1913 ते 1916 ते न्यूयॉर्कला होते. शिष्यवृत्तीचे मोजके पैसे, त्यातले घरी पाठवायचे आणि पोटाला चिमटा काढून जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालायची. असं करून त्यांनी सुमारे 2000 पुस्तकं जमवली. ती एका मित्राच्या हवाली केली आणि त्यातली बरीच त्यांना परत मिळालीच नाहीत. पुढं 1917 साली लंडनहून परतताना त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती पाणतीराच्या माऱ्यानं बुडाली. सामानाची भरपाई म्हणून 600 रुपये मिळाले. ते हाताशी होते म्हणून बडोद्याला नोकरीवर जाता आलं. आणि तिथं राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. बुडालेल्या सामानाच्या पैशातून त्यांनी जो प्रवास केला, तो असा संपला. पुस्तकाच्या वासावर लिहिणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

दुसरं उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं. त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची. ती रद्दी त्या वाचायच्या. लिहायच्या ते लपवून, वर्षानुवर्षं, घरच्यांच्या नजरेआड. त्यातून 'जिणं आमुचं' उभं राहिलं. 1986 ला ते पुस्तकरूपानं आलं. विद्यापीठात त्याच्यावर प्रबंध होतात, पण त्याच्या मुळाशी पुडीचा कागद आहे हे कितीजण सांगतात? ज्यांना ग्रंथालयाची पायरी मोकळी नव्हती त्यांचं ग्रंथालय रद्दी हेच होतं. म्हणून आपण रद्दीला नावं ठेवू नयेत. रद्दीनं आपल्याला शिकवलंय.

पण तीच रद्दी आपल्याला खाते, हेही तितकंच खरं.

माझंच सांगतो. नामांतराच्या लढ्यात औरंगाबादहून आणलेली पत्रकं, सायक्लोस्टाईल अंक, शाई फुटलेल्या कविता, असं सगळं मी एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. मी कामासाठी बाहेरगावी होतो. घरात मीठमिरची नव्हती. आईनं पेटी उघडली आणि कागद घातले काट्यावर. परत आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या कागदानं दोन दिवस चूल पेटली बाबा." मला बोलता आलं नाही. आजही येत नाही. त्या अंकांत भुकेवरच कविता होत्या. चूक तिची नव्हती. एका गरीब घराच्या पेटीवर सगळ्या चळवळीचा इतिहास ठेवला, ही चूक आमची होती.

बघा, टिकलं ते कशामुळं टिकलं. मुक्ता साळवेचा निबंध 1855 ला 'ज्ञानोदय'मध्ये आला. अंक जपले गेले म्हणून आज आपण तो वाचतो. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 ची. ती जवळपास शतकभर विसरली गेली होती. स. गं. मालशांनी 1975 ला परत छापली तेव्हा कुठं लोकांना कळली. लिहिणारी पेटून लिहून गेली, पण पुढच्यांनी कागद जपला म्हणून ते शब्द आपल्यापर्यंत आले. सरकारच्या भरवशावर राहाल तर तेही ऐका. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड 1979 पासून निघू लागले. गिऱ्हाईक रांग लावून घेतं. तरी 2021 ला पेपरात बातमी आली की छपाई रखडलीय आणि त्यासाठी घेतलेला 5 कोटींच्या वरचा कागद पडून आहे. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आमच्या आईनं छापलेला कागद विकला तो मिठासाठी. सरकारनं कोरा कागद पाडून ठेवला तो कशासाठी?

मित्रांनो, समीक्षा म्हणजे नुसतं पुस्तकाचं गुणदोषविवेचन नाही. पुस्तक काट्यावर जायच्या आधी तिथं पोचणं हीसुद्धा समीक्षाच. आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब स्वतः आले होते.  त्या परिषदेचं एखादं पत्रक, एखाद्या म्हाताऱ्याच्या गाठोड्यातली एखादी पावती अजून कुठंतरी असंल. कदाचित आज दुपारीच ती कुणीतरी निवडत बसलं असंल. तिसऱ्या ढिगात टाकत असंल.

तेव्हा रद्दीवाल्याशी ओळख करा. त्याला फसवून घबाड मारायला नव्हं, तर सांगायला की दादा, निळ्या शाईचं, पिना गंजलेलं, जयभीम लिहिलेलं काही आलं तर बाजूला ठेव, किलोच्या दुप्पट भाव देतो. त्याला हे पटतं. त्याचा हिशोब साधा आणि सरळ असतो. आणि जमलेलं कुणा एकाच्या घरात ठेवू नका. विहारात एक कपाट घ्या, त्याची वही ठेवा, किल्ली दोघांकडं द्या.

मी परवा गेलो तर त्यानं एक गठ्ठा बाजूला काढून ठेवला होता. "हे तुमचं," म्हणाला. आत दोन जुन्या जयंतीच्या हँडबिलांखेरीज काही नव्हतं. मी पैसे काढले. त्यानं सवयीनं गठ्ठा काट्यावर ठेवला. काटा हललासुद्धा नाही.

जयभीम.