नामांची सोयरीक

इंग्रजी शिकविणारी आपल्याकडील पुस्तके शब्दयोगी अव्ययांची बोळवण एका यादीवर करतात. 'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर, 'अंडर' म्हणजे खाली आणि 'ऑफ' म्हणजे चा-ची-चे. एवढे मुखोद्गत झाले की विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. टेबल, पेटी आणि झाडावरचा पोपट ह्यांच्याविषयीच बोलावयाचे असेल तोवर ही यादी पुरते. परंतु नित्याच्या लिखाणातले इंग्रजी पोपटाविषयी फारसे बोलत नाही. अर्ज, नोटीस, करार, सभेचे इतिवृत्त ह्यांतले इंग्रजी हक्क, कारण, मागणी, परिणाम, हरकत अशा अमूर्त नामांनी गजबजलेले असते, आणि ह्या नामांची एकमेकांशी सोयरीक जुळविण्याचे काम हीच चिमुकली अव्यये करीत असतात. 'कॉज'ला 'ऑफ' चालते, 'रीझन'ला 'फॉर' लागते. मराठीत दोन्ही 'कारण'च. 'लॅक ऑफ', 'डिमांड फॉर', 'इन्क्रीझ इन', 'इफेक्ट ऑन', 'ऑब्जेक्शन टू' : प्रत्येक नामाने आपले अव्यय जणू पत्रिका पाहून निवडलेले आहे, आणि ती पत्रिका आपल्याला कोणी दाखवीत नाही.

अव्यय बदलले म्हणजे नामाचा अर्थच बदलतो, हे ह्याहून महत्त्वाचे. 'चार्ज' हा एकच शब्द घ्या. त्यापुढे 'ऑफ थेफ्ट' आले तर तो चोरीचा आरोप; 'ऑन प्रॉपर्टी' आले तर मिळकतीवरचा बोजा; 'फॉर' आले तर केलेल्या कामाचा आकार. एखादा कारकून 'इन चार्ज ऑफ' भांडार असला तर भांडार त्याच्या देखरेखीखाली. पण मध्ये एक 'द' शिरला आणि मनुष्य 'इन द चार्ज ऑफ' दुसऱ्या कोणाच्या झाला, की देखरेख करणारा तो राहिला नाही, देखरेखीखालचा झाला. आरोप, बोजा, आकार, देखरेख असे चार स्वतंत्र शब्द मराठीने जेथे खर्ची घातले तेथे इंग्रजीने एका नामावर आणि मूठभर अव्ययांवर भागविले. काटकसर मोठी आहे, पण तिची किंमत वाचणाऱ्याला द्यावी लागते. तीच गोष्ट 'टायटल'ची. 'टायटल ऑफ' म्हटले की ग्रंथाचे नाव, 'टायटल टू' म्हटले की घराची मालकी.

कायद्याच्या भाषेत ही किंमत रुपये-आण्यांत मोजली जाते. खरेदीखत आणि साठेखत ह्यांतला भेद आपल्याकडील घर घेणाऱ्या माणसाला ह्या दोन मराठी शब्दांनीच समजतो. इंग्रजीत पहिल्याला 'डीड ऑफ सेल' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अॅग्रीमेंट फॉर सेल'. 'ऑफ'मध्ये विक्री घडून गेलेली आहे. 'फॉर'मध्ये ती पुढे व्हावयाची आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या 54 व्या कलमाने हे स्वच्छ सांगितले आहे की विक्रीच्या नुसत्या करारामुळे त्या मिळकती'मध्ये' हितसंबंध उत्पन्न होत नाही की तिच्या'वर' बोजा निर्माण होत नाही. येथेही पुन्हा 'इन' आणि 'ऑन'. मालकी मिळकतीची असते, हितसंबंध मिळकतीमध्ये असतो, बोजा मिळकतीवर असतो. इंग्रजी कायदेपंडितांनी मालमत्तेची कल्पना जणू एखाद्या वाड्यासारखी केली : कोणी वाड्याचा धनी, कोणाची आत एक खोली, कोणाचे वर ओझे.

ह्याहूनही बोलका दाखला कामगारांच्या नुकसानभरपाईचा. 1897 च्या इंग्रजी कायद्यात आणि त्यावरून 1923 साली आपल्याकडे झालेल्या कायद्यात अपघात नोकरीच्या 'आऊट ऑफ' उद्भवलेला आणि नोकरीच्या 'इन द कोर्स ऑफ' घडलेला असावा, अशी दुहेरी अट घालण्यात आली. पहिल्या अव्ययात कारण आहे, दुसऱ्यात काळ. कामाच्या वेळेत गेलेला प्रत्येक प्राण कामामुळेच गेला असे नव्हे. ह्या दोन शब्दसमूहांच्या मधल्या फटीत किती विधवांचे दावे अडकून पडले, ते निवाड्यांची पुस्तके चाळणाऱ्यास ठाऊक आहे. अव्यय हा भाषेचा क्षुद्र अवयव आहे असे म्हणणाऱ्याने ती पुस्तके एकदा अवश्य पाहावीत.

ह्या साऱ्या कुळात 'ऑफ'चा बारदाना सर्वांत मोठा, आणि घोटाळाही त्याचाच अधिक. मुळात हा शब्द 'पासून, दूर' अशा अर्थाचा. आजचा 'ऑफ' आणि दोन 'एफ' घेऊन लिहिला जाणारा 'ऑफ' हे एकाच शब्दाचे दोन अवतार होत. जुन्या इंग्रजीला संस्कृतप्रमाणे विभक्तिप्रत्यय होते. ते झिजत गेले, आणि 1066 नंतर आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमध्ये षष्ठीचे सारे काम 'द' हे अव्यय करीत असल्याने त्याच्या सावलीत 'ऑफ' फोफावला. गोमंतकातील जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांशी परिचय असलेल्यांस ह्या 'द'ची बहीण-भावंडे 'दु' आणि 'दा' पानोपानी भेटली असतील. षष्ठी एकदा अव्ययाच्या अंगावर पडली की कर्ता कोणता आणि कर्म कोणते हे कळेनासे होते. 'क्रिटिसिझम ऑफ द ट्रस्टीज' म्हणजे विश्वस्तांनी केलेली टीका की विश्वस्तांवर झालेली? मराठीत 'विश्वस्तांची टीका' आणि 'विश्वस्तांवरील टीका' असे सरळ दोन मार्ग आहेत. हा पेच पाणिनीने ओळखला होता. कृदन्त नामाच्या योगाने कर्ता आणि कर्म दोघांनाही षष्ठी येऊ शकते, परंतु दोघे एकत्र आले तर ती कर्माला द्यावी, अशी व्यवस्था अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आहे. 'कॉन्क्वेस्ट ऑफ गॉल बाय सीझर' ह्या इंग्रजी रचनेत नेमके तेच घडले : कर्माला 'ऑफ', कर्त्याला 'बाय'. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच तोडग्यावर आल्या, ह्याचे कौतुक वाटते.

इंग्रजी लेखनशैलीच्या टीकाकारांनी ह्या अव्ययांवर पुष्कळ लिहिले आहे. फौलरने 1926 च्या आपल्या कोशात 'इन रिस्पेक्ट ऑफ', 'विथ रिगार्ड टू', 'इन कनेक्शन विथ' अशा जोड-अव्ययांवर कोरडा ओढला. 1946 मध्ये ऑर्वेलने राजकारण आणि इंग्रजी भाषा ह्यांवरील निबंधात तोच आक्षेप घेतला. सरकारी नोकरांसाठी लिहिणाऱ्या सर अर्नेस्ट गॉवर्सने 1954 च्या ग्रंथात तो सौम्य शब्दांत पुन्हा मांडला. तिघांचेही म्हणणे खरे आहे. परंतु फौलर हा प्रश्न बव्हंशी डौलाचा समजतो, आणि तेथे त्याच्याशी माझे पटत नाही. 'इन रिस्पेक्ट ऑफ' लिहिणारा मनुष्य कित्येकदा गबाळा नसतो, सावध असतो. पैसे मंदिरा'साठी' दिले, मंदिरा'ला' दिले की मंदिरा'कडून' येणे होते, ह्यांपैकी कोणताही संबंध त्याला पत्करावयाचा नसतो. म्हणून तो 'मंदिराच्या संबंधात' दिले असे लिहून मोकळा होतो. कायद्याचा मसुदा करणाऱ्याला हा ऐसपैसपणा कधी कधी हवा असतो. हिशेब लिहिणाऱ्याला तो हवासा वाटू लागला तर मात्र हिशेब नीट तपासावा. ऑर्वेलला ह्यातले राजकारण दिसले, फौलरला दिसले नाही.

आणखी एक गोष्ट ह्या टीकाकारांच्या नजरेत भरण्याचे कारण नव्हते, कारण ती आपल्या बाजूची आहे. इंग्रजीत 'डिस्कशन'ला 'अबाऊट' चालते, परंतु 'डिस्कस' ह्या क्रियापदाला अव्यय लागत नाही, 'एम्फसिस'ला 'ऑन' हवे, क्रियापदाला नको, 'डिमांड'चेही तसेच. आपले लोक 'डिस्कस अबाऊट' लिहितात ते अज्ञानाने, असे मास्तर सांगतात. माझ्या मते ते नामाचे अव्यय क्रियापदाला देतात, आणि इंग्रजी आपण कागदावरून शिकलो म्हणून तसे होते : कागदावर नामेच अधिक. ह्याची परतफेड मराठीला करावी लागत आहे. 'पाण्याची टंचाई' लिहावयाच्या जागी 'पाण्याच्या संदर्भातील टंचाईची परिस्थिती' असे लिहिले जाते, आणि 'पुजाऱ्याच्या नेमणुकीविषयी' ह्याचे 'पुजाऱ्याच्या नेमणुकीच्या प्रश्नाच्या अनुषंगाने' होते. च्या, च्या, च्या अशी ही माळ इंग्रजी 'ऑफ'च्या माळेचे भाषांतर आहे, एवढेच की इंग्रजीत मुख्य नाम आरंभी येते आणि मागून येणाऱ्या 'ऑफ'ना वाचक धीराने घेऊ शकतो. मराठीत मुख्य नाम शेवटी येते, आणि चार 'च्या' ओलांडून तेथे पोचेपर्यंत नोटीस कशाची आहे हे वाचणारा विसरलेला असतो.