लेबोसेचे यंत्र आणि रोदँचा अंगठा

ओगुस्त रोदँचा ‘द थिंकर’ हे शिल्प आपल्यापैकी बहुतेकांनी छायाचित्रात पाहिलेले असते, आणि त्यात दिसतो तो पुरुषभर उंचीचा, काळसर ब्राँझचा. रोदँने 1880-81च्या सुमारास मातीत घडवलेला विचारवंत मात्र जेमतेम 70 सेंटिमीटरचा होता. ‘गेट्स ऑफ हेल’ या दरवाजाच्या वरच्या भागात बसून त्याने खाली पाहायचे, अशी मूळ योजना. त्याला सुमारे 180 सेंटिमीटरचा केला तो आंरी लेबोसे या कारागिराने, 1902 नंतर. मराठी कलासमीक्षेत हा माणूस जवळजवळ सापडत नाही. सापडला तरी ‘रोदँने नंतर त्याची मोठी प्रत करवून घेतली’ या वाक्यातल्या ‘करवून’ या शब्दामागे दडलेला असतो.

लेबोसेकडे जे यंत्र होते त्याची मूळ कल्पना 1830च्या दशकातली, आशिल कोला याची. दोन फिरत्या चकत्या, एकीवर मूर्ती, दुसरीवर प्लास्टरचा ओबडधोबड गठ्ठा. दोन्ही एकाच गतीने फिरतात. एक बोथट सुई मूर्तीच्या अंगावरून सरकते आणि तिला दांड्याने जोडलेली धारदार सुई ठरलेल्या प्रमाणात गठ्ठा कोरत जाते. कोलाच्या काळात हे यंत्र प्रामुख्याने उलट्या कामाला, म्हणजे प्रसिद्ध शिल्पे दिवाणखान्यात मावतील इतकी लहान करायला, वापरले जाई. लेबोसे मोठे करण्यात वाकबगार होता. मूर्तीचे भाग वेगळे करायचे, एकेक वाढवायचे, मग जोडायचे.

इथेच प्रश्न उभा राहतो. 70चे 180 म्हणजे अडीचपटीहून थोडे जास्त. मातीत अंगठा दाबून रोदँने दोन सेंटिमीटरचा खळगा केला असेल, तर मोठ्या प्रतीत तो पाच सेंटिमीटरचा होतो. इतका रुंद अंगठा कोणत्याही माणसाला नसतो. मोठ्या विचारवंताच्या पाठीवर आपण ज्याला ‘रोदँच्या बोटांचा जिवंतपणा’ म्हणतो, तो बोटांच्या खुणांचा यंत्राने काढलेला विस्तार आहे. माझ्या मते यामुळे शिल्प उणे ठरत नाही, उलट ते बदलते. लहान मूर्तीत ती खूण स्नायूच्या आकारात विरते; मोठीत ती स्वतंत्र खड्डा बनून सावली धरते. रोदँला हे कळत होते. लेबोसेने आणलेली प्लास्टरे तो तपासत असे, नापसंत भाग पुन्हा करायला लावत असे. ‘वॉकिंग मॅन’ या बिनडोक्याच्या, बिनहातांच्या आकृतीला तर दोन मीटरच्या पुढे नेल्यावरच, 1907मध्ये, तिचा खरा जोर मिळाला.

ओतकामाची कथा वेगळी. वाळूच्या पद्धतीत प्लास्टरचे तुकडे करून प्रत्येकाभोवती बारीक वाळू ठोकून साचा बसवतात, आत गाभा ठेवतात आणि मधल्या पोकळीत ब्राँझ ओततात. मग तुकडे जोडून सांधे छिन्नी-कानशीने बुजवतात. मेणाच्या पद्धतीत पोकळीच्या जागी मेणाचा थर असतो. साचा भाजला की मेण वाहून जाते आणि त्याची जागा धातू घेतो. थंड होताना ब्राँझ एक-दोन टक्के आकसते, म्हणजे यंत्राने मिळवलेल्या मापातही फाउंड्री थोडा हात घालतेच. मोठ्या विचारवंताची पहिली ब्राँझ प्रत एब्रारच्या फाउंड्रीत मेणपद्धतीने निघाली (ती आज अमेरिकेत लुइव्हिल विद्यापीठासमोर आहे). रोदँचे तिच्यावर समाधान झाले नाही. पुढे त्याचे बहुतेक काम रुदिए फाउंड्रीकडे गेले.

1981मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत ‘गेट्स ऑफ हेल’ची नवी ओतीव प्रत मांडली गेली, तेव्हा रोझालिंड क्राउस यांनी विचारले होते की कलावंताच्या मृत्यूनंतर साठेक वर्षांनी ओतलेल्याला ‘मूळ’ कसे म्हणायचे. रोदँने 1916मध्ये आपला संग्रह आणि प्रती काढण्याचा हक्क फ्रेंच सरकारला दिला होता, या आधारावर अल्बर्ट एल्सन यांनी उत्तर दिले. लेबोसेवर स्वतंत्र निबंध लिहिणारेही एल्सनच. तरीही वाद प्रतींभोवतीच फिरला. मला तो चुकीच्या जागी पेटलेला वाटतो. प्रत मूळ की नक्कल हे विचारण्याआधी प्रत कशाची, हे विचारायला हवे. बाल्झाकचा पुतळा घ्या. 1898च्या प्रदर्शनात पॅरिसकरांनी ज्याची टर उडवली ते लेबोसेने वाढवलेले पांढरे प्लास्टर होते. 1908मध्ये स्टायकेनने चांदण्यात टिपले तेही प्लास्टरच. ब्राँझचा बाल्झाक पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला 1939मध्ये. रोदँला जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती.

आपल्याकडे हा विषय दूरचा नाही. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांच्या आराखड्यावरून केवडियाचा 182 मीटरचा पुतळा झाला. त्याचे ब्राँझचे पत्रे चीनमधल्या फाउंड्रीत ओतले गेले. त्यावर मराठीत जे लिहिले गेले त्यात उंची आणि खर्च यांची भरपूर चर्चा आहे. पण लहान नमुन्यातली चेहऱ्याची घडी त्या उंचीवर गेल्यावर तिचे काय झाले, याविषयी फारसे काही नाही.

जाता जाता एक तपशील. रोदँच्या कितीतरी ब्राँझवर ‘अलेक्सी रुदिए’ हा फाउंड्रीचा शिक्का आहे. अलेक्सी 1897मध्येच वारला होता. रोदँचे काम 1902पासून केले ते त्याच्या मुलाने, एजेनने, आणि 1952पर्यंत तो बापाच्याच नावाचा शिक्का मारत राहिला.