गाठीवरील छाप आणि आतील रुई : 'कंटिन्युअस डिलिव्हरी' ह्या ग्रंथाचा पुनर्विचार

जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली ह्यांचा 'कंटिन्युअस डिलिव्हरी' हा ग्रंथ २०१० साली प्रसिद्ध झाला. डॉकर त्यानंतर तीन वर्षांनी आले, कुबरनेटीस चार वर्षांनी. तरीही कंटेनरमध्ये बांधलेली आज्ञावली क्लाउडवरील सर्व्हरांपर्यंत यंत्राकरवी पोहोचविण्याची जी पद्धती आज रूढ आहे, तिची तात्त्विक मांडणी ह्याच ग्रंथात सापडते. प्रोग्रॅमरने केलेला प्रत्येक बदल बांधणी, चाचण्या, सरावाचा सर्व्हर आणि अखेरीस प्रत्यक्ष वापराचा सर्व्हर ह्या ठरलेल्या टप्प्यांतून जावा. टप्पे यंत्राने पार पाडावेत. आणि बांधणी एकदाच व्हावी, असा ग्रंथकर्त्यांचा आग्रह आहे. ह्यांपैकी शेवटचे सूत्र सर्वांत महत्त्वाचे होय. दर टप्प्यावर नव्याने बांधणी केली, तर जिची चाचणी झाली ती वस्तू एक आणि जी वापरात आली ती दुसरी, अशी अवस्था होते.

अमरावती-अकोल्याच्या अभ्यासकास हे सूत्र परके वाटू नये. सुट्या कापसावर पाणी मारणे, त्यात आखूड धाग्याचा माल मिसळणे ह्या कापसाच्या व्यापारातील जुन्या तक्रारी आहेत. रुई दाबून गाठ बांधली की वाटेतील हातचलाखीस वाव कमी होतो. तेवढ्यानेही भागेना, म्हणून १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची नेमून दिलेली छाप आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. कंटेनरची 'इमेज' हीदेखील अशीच एक गाठ आहे. आज्ञावली आणि तिला लागणारी सर्व सामग्री तिच्यात एकत्र दाबलेली असते, व आतील मजकुरावरून गणिताने काढलेली एक संख्या तिची ओळख ठरते. आत एक अक्षर बदलले तरी ती संख्या बदलते. ह्याउलट 'लेटेस्ट' ही चिठ्ठी कोणत्याही इमेजवर केव्हाही डकविता येते. तिच्यावर भिस्त ठेवणे म्हणजे खडूची खूण पाहून गाठीचा सौदा करणे होय.

तथापि छाप काय सांगते ह्याबरोबरच ती काय सांगत नाही, हेही पाहिले पाहिजे. गाठ कोठे दाबली, कितवी होती, एवढे तिच्यावरून कळते. धागा किती लांब आहे, रुई स्वच्छ आहे की नाही, हे कळण्यासाठी गाठीतून नमुना काढूनच पाहावा लागतो. इमेजच्या संख्येवरून वस्तू तीच आहे हे सिद्ध होते. ती चांगली आहे, हे होत नाही. हंबल-फार्ली ह्यांना हा भेद पक्का ठाऊक होता. म्हणूनच चाचण्यांच्या विवेचनाला त्यांनी ग्रंथात भरपूर जागा दिली. त्यांच्या अनुयायांनी मात्र टप्पे उचलले आणि परीक्षा सैल सोडली. कुबरनेटीस नवी आवृत्ती क्रमाक्रमाने बसविते आणि काही वेगळे सांगितले नसल्यास एका वेळी चतुर्थांशाहून अधिक प्रती बंद पडू देत नाही, ही सोय खरोखर उत्तम आहे. परंतु पुढे जाण्यापूर्वी ती जी पृच्छा करते, तिचे स्वरूप बहुधा 'उत्तर मिळते काय?' एवढेच ठेवलेले असते. उत्तर बरोबर आहे काय, हे विचारण्याची तजवीज माणसानेच आधी करून ठेवावी लागते.

दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे हा मुद्दा उघड होतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल ह्या शेअर-व्यवहाराच्या संस्थेत आठांपैकी सातच सर्व्हरांवर नवी आज्ञावली हाताने चढविली गेली. आठवा राहून गेला, आणि पाऊण तासात ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. स्वयंचलनाचे समर्थक हे उदाहरण नेहमी देतात, आणि ते रास्तही आहे. परंतु १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या वितरणात कोणताही संगणक 'राहून' गेला नाही. तपासणी करणाऱ्या यंत्रणेतच दोष होता. तिने सदोष फाइल पुढे सोडली, ती टप्प्याटप्प्याने न जाता एकदमच सर्वत्र गेली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. फाइल सव्वा तासाच्या सुमारास मागे घेण्यात आली. पण जे यंत्र सुरूच होत नाही, ते दुरुस्ती तरी कशी स्वीकारणार? अनेक ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापुढे बसून ते काम हाताने करावे लागले.

ग्रंथाची खरी उणीव ह्या शेवटच्या पायरीवरच जाणवते. वापरणाऱ्याने आपल्या यंत्रावर बसवावयाच्या सॉफ्टवेअरचा विचार त्यात आहे, पण तो आटोपशीर आहे, आणि ग्रंथकर्त्यांचा कल अशी सुधारणा न विचारता आपोआप व्हावी ह्या बाजूस आहे. त्यामागे अखंड संपर्क गृहीत धरलेला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवर शेतातील पिकाचे छायाचित्र घेऊन सातबाऱ्यासाठी नोंद करतो. अशा व्यवस्थेत सर्व्हरवरील आज्ञावली काही मिनिटांत बदलता येईल. चिखलदरा-धारणीकडील मेळघाटातल्या एखाद्या जुन्या फोनवरील ॲप मात्र जुनेच राहील. म्हणून नव्या सर्व्हरला जुन्या ॲपची भाषा दीर्घकाळ समजली पाहिजे, आणि ती समजते की नाही ह्याची परीक्षा पाइपलाइनमध्येच हवी. अकोल्याच्या वर्गात शिकविल्या जाणाऱ्या पाइपलाइनमध्ये हा टप्पा परदेशी पाठ्यग्रंथांवरून आपोआप येणार नाही.

परतीच्या मार्गाविषयीही असेच म्हणावे लागते. कुबरनेटीसमध्ये एका आज्ञेने पूर्वीची इमेज पुन्हा बसविता येते, पण मधल्या वेळात साठ्यात लिहिल्या गेलेल्या चुकीच्या नोंदी तशाच राहतात. माहितीच्या व्यवस्थापनावर ग्रंथात स्वतंत्र प्रकरण असून ही अडचण ग्रंथकर्त्यांनी प्रांजळपणे मान्य केली आहे. त्यांनी सुचविलेले उपाय मात्र संगणकातील साठ्यापुरते आहेत. खरिपाची नोंद सदोष आवृत्तीमुळे चुकली, आणि ती चूक ध्यानात येईपर्यंत सोयाबीन सोंगून झाले असेल, तर पुन्हा छायाचित्र घेण्यास शेतात पीकच उरलेले नसते.