शेत लहान, की भांडवल तोकडे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भारतातील लहान शेतांवरचा निबंध १९१८ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त छापून आला, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या अमलात होता. निबंधाचा रोख आपल्या भागावर नव्हता. तरीही तो जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत, हिरव्या मिरचीच्या हंगामात वाचावा. तिथे त्याचा युक्तिवाद नुसता पटत नाही, डोळ्यांना दिसतो.

त्या काळी सगळे जाणकार एकाच काळजीत होते: वाटण्या होऊन शेतांचे तुकडे पडताहेत. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास करून दाखवले होते, की १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकरांचे असलेले खाते १९१५च्या सुमारास सातांवर आले. यावर उपाय काय? तुकडे एकत्र करा, धारण क्षेत्र वाढवा, वाटणीला कायद्याने आळा घाला. बडोदा संस्थानाच्या समितीनेही याच दिशेने विचार केला होता. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर हा तरुण अमेरिकेत शिकून आला, त्याच संस्थानाच्या समितीची मांडणी तो निबंधात एकेक टाका उसवत तपासतो. सूर कुठेही चढत नाही. मला या निबंधातली ही निर्भय सभ्यता फार मोलाची वाटते.

पहिला घाव व्याख्येवर आहे. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांच्या मते, कुटुंबाचे बऱ्यापैकी पोट भरेल ते शेत किफायतशीर. आंबेडकर विचारतात, खाणारी तोंडे मोजून शेतीचा धंदा कसा जोखायचा? शेत हे उत्पादनाचे एक साधन. त्याच्या जोडीला बैल, अवजारे, पैसा आणि माणसे किती, यावर ते लहान की मोठे हे ठरणार. मग ते थेट अवजारांच्या आणि जनावरांच्या आकड्यांकडे वळतात आणि निष्कर्ष काढतात, की हाताशी असलेल्या साधनांच्या मानाने आपली शेते लहान नाहीत, उलट मोठीच आहेत. सगळे ज्या टोकाला धरून ओढत होते, त्याच्या नेमक्या उलट्या टोकाला ते वाचकाला नेऊन सोडतात, आणि तिथे पोहोचेपर्यंत एकही पायरी गाळत नाहीत.

आता पिंपळगावच्या शिवारात या. एकरभर मका ट्रॅक्टरने पेरून घरची दोन माणसे सांभाळतील. तेवढ्यात त्या माणसांना आणि ट्रॅक्टरला पुरेसे काम नाही, म्हणून ते रान लहान. त्याच एकरात मिरची लावायची तर ठिबक हवे, मल्चिंग पेपर हवा, रोपे विकत आणायची, कोकडा पडू नये म्हणून फवारण्या करायच्या. पुढे तोड्यामागून तोडे सुरू झाले की तोडणीला बायामाणसे मिळता मिळत नाहीत. ज्याच्याकडे पैसा आणि मजूर नाहीत, त्याला तोच एकर आवरत नाही. बांध हलला नाही, सातबारा बदलला नाही, तरी शेत लहानाचे मोठे झाले.

एक जागा मात्र निबंधात रिकामी आहे: बाजारभावाची. हिरवी मिरची घरात ठेवता येत नाही. तोडली त्याच दिवशी बाजारात न्यायची, व्यापारी म्हणेल त्या दराला द्यायची. दर पडला आणि तोडणीची मजुरीही निघेना, तर भांडवल ओतणाराच आधी बुडतो. साधनांचे प्रमाण अचूक जुळवूनही शेतकरी तोट्यात जाऊ शकतो. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने किमतींचा खोल विचार केला, पण या निबंधात तो धागा आलेला नाही.

सर्वांत देखणा भाग उपायांचा. वाटणीचा कायदा बदलून एकालाच शेत दिले, तर उरलेले भाऊ जातील कुठे? ते रिकामे बसतील, म्हणजे पिकवणार नाहीत, पण खातील. शेतीवरचा हा जादा भार अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये सिद्धान्तात बांधला आणि पुढे त्यांना नोबेल मिळाले. आंबेडकर त्याच्या छत्तीस वर्षे आधी तिथवर आले होते. शेतीचे दुखणे शेतीबाहेर बरे होईल, उद्योग वाढवा, असे ते सांगतात. जादा हात कारखान्यात गेले, की उरलेल्यांच्या वाट्याला साधने येतील आणि शेते पुढे आपोआप मोठी होतील. समितीने जे आरंभी ठेवले, ते त्यांनी शेवटी ठेवले.

जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत, १९६४ पासून महिको कंपनीचे बियाणे आहे. तरीही याच जिल्ह्यातून ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात, आणि २०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्राचे सरासरी खाते १.३४ हेक्टरवर आले होते. किती हातांना शेतीबाहेर काम मिळाले, हे निबंधाने सुचवलेले मोजमाप जालन्यात गावोगाव लावून बघायला हवे, आणि त्याची सुरुवात पिंपळगावचा तोडणीचा हंगाम संपल्यावर त्या मजूर बाया कुठे जातात, इथून करता येईल.